बगदादचा मुतखडा

"माझं मत कुणी विचारलेलं नाही, तरी सांगते," असं म्हणत बाई खुर्ची मागे सरकवायच्या. आता कुणाची तरी सालटी निघणार, हे आम्ही ओळखायचो. टोकियोतल्या तोयोसूच्या आमच्या कंपनीत पुण्या-मुंबईहून इंजिनीअर भराभर येत होते, तेव्हाची गोष्ट. बाई टेस्टिंगच्या प्रमुख. कुणालाच आवडायच्या नाहीत, आणि त्यांनाही कुणी आवडायचं नाही. अशा माणसाच्या हाताखाली तुम्हीही कधीतरी राबला असाल.

बाई पुण्याच्या कॅम्पातल्या बगदादी ज्यू. आजोबा बगदादहून आलेले. मराठी मात्र अस्सल, विशेषतः अपमान करताना. एकदा त्या कंबर धरून बसल्या होत्या, म्हणून मी विचारपूस केली.

"मुतखडा. वडिलांना होता, भावाला आहे, मला आहे. वारशात दागिने तुमच्या घरी मिळतात."

वडील मूत्रपिंडं निकामी होऊन गेले. इस्रायलमधला भाऊ अंत्यविधीला आला नाही, तेव्हापासून बहीणभावांचं बोलणं बंद होतं.

कंपनीच्या क्रीडादिनाला आमचा मुंबईकर मॅनेजर सगळ्यांदेखत म्हणाला, "बाईंना नका घेऊ रिलेत. त्यांची फक्त जीभ पळते."

सगळे हसले. बाई उठल्या, बुटांच्या नाड्या आवळल्या आणि जीव खाऊन पळाल्या. मॅनेजरला मागे टाकलं. टाळी एकानेही वाजवली नाही.

संध्याकाळी कमरेत असह्य कळा, उलट्या. मला जपानी बरं यायचं, म्हणून टॅक्सीत त्यांच्यासोबत मला बसवलं.

"हात सोड. मी म्हातारी नाही," त्या कण्हत खेकसल्या.

मूत्रपिंडांनी काम जवळजवळ थांबवलं होतं. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातल्या वयस्कर डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पुन्हा पुन्हा पाहिला आणि विचारलं, "यांच्या घराण्यात कुणी जपानी आहे?"

मी मराठीत सांगितलं. बाई म्हणाल्या, "आमच्या घरात जपानी फक्त रेडिओ होता."

डॉक्टर हसले नाहीत. रक्तात युरिक ॲसिड जवळपास नव्हतंच. ते लघवीतून वाहून जातं, त्याचे खडे होतात, आणि जोरात पळलं तर मूत्रपिंडं बंद पडू शकतात. हा जन्मजात दोष जपानी लोकांत सापडतो, आणि इराकमधून आलेल्या ज्यूंमध्येही, असं त्यांनी सांगितलं.

बाई कोपरावर रेलून उठल्या. मग म्हणाल्या, "फोन दे. भावाची मुलगी सैन्यात जातेय. तिथे पळवतात."

भावाने फोन उचलला आणि तिथेच भांडण पेटलं. वडील, अंत्यविधी, सगळं निघालं. शेवटी बाई ओरडल्या, "मला शिव्या नंतर दे! आधी पोरीचं रक्त तपासून घे!"

त्याने फोन आपटला. पण तपासणी केली. पोरीलाही तेच निघालं. आता तिला पळवणार नव्हते.

बाईंची मूत्रपिंडं हळूहळू पूर्ववत झाली. त्यांनी नोकरी सोडली. मला आभाराचा शब्द नाही, मॅनेजरने पाठवलेली फुलं त्यांनी परत पाठवली. न्यायला भाऊच आला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यांच्या घराजवळच्या ग्योतोकू स्टेशनवर. फलाटावर दोघं अंत्यविधीवरूनच भांडत होती, पुणेरी मराठीत, भर गर्दीत. जपानी प्रवाशांनी त्यांच्याभोवती अदबीने मोकळी जागा ठेवली होती. गाडी आली. भावाने बॅगा आत घेतल्या, बाईंचा दंड धरून त्यांना चढवलं. त्यांनी तो हात झटकला नाही. दारं मिटली तरी काचेआड दोघांची तोंडं चालूच होती.