उलटी बाही

आमच्या ह्यांना सगळी गल्ली मास्तर म्हणते. शाळेतले नव्हेत, शिंपीकामातले. दुकान खाली, आम्ही वर, आणि मधल्या जिन्यात कायम दोऱ्यांचे तुकडे. माणूस कामात वाघ, पण घमेंड अशी की विचारू नका! काळ्या कापडाची सुलट बाजू कोणती, उलट कोणती, हे भल्याभल्यांना उन्हात धरून बघावं लागतं. हे डोळे मिटायचे, दोन बोटांत कापड चिमटायचे आणि म्हणायचे, "ही सुलट." बाकीचे शिंपी कापतानाच सुलट बाजूला खडूची खूण करून ठेवतात. ह्यांच्या मते खूण कच्च्या लोकांसाठी.

तर एक दिवस नवी वकिलीण आली. पोरगी नुकतीच कोर्टात उभी राहायला लागलेली, तिचा काळा कोट ह्यांनीच शिवला होता. बिचारी आवाज न चढवता म्हणाली, "मास्तर, जरा बाहेर उजेडात येता का?" बाहेर जाऊन तिनं कोट अंगात घातला. डावी बाही चक्क फिकी! कापड उलटं लागलं होतं. आत दिव्याखाली कुणाच्या बापाला कळलं नसतं, कोर्टाच्या पायऱ्यांवर मात्र सगळ्यांना दिसलं.

ती कोट ठेवून गेली आणि ह्यांचं सुरू झालं. गिरणीनं कापड भिकार काढलं, दिवा पिवळा आहे, सुया हलक्या आल्यात. नाचता येईना अंगण वाकडं! मला मात्र वेगळंच खटकत होतं. मागे एकदा पांढऱ्या अस्तरावर रक्ताचा ठिपका दिसला होता. सुई बोटात घुसली होती आणि ह्यांना पत्ताच नव्हता. पायडलवरून पाय सटकायचा. जिना चढताना धाप लागायची. आणि माझा चहा! "याला चवच नाही," रोज तेच. इतक्या वर्षांचा तोच डबा, तीच मी. शेवटी चिडून सांगितलं, "उद्यापासून तुमचा तुम्ही करून घ्या."

मग ह्यांनी स्वतःच औषधाच्या दुकानातून रक्तवाढीचं टॉनिक आणलं. गालांवर रंग चढला, धाप कमी झाली, मला वाटलं गाडी रुळावर आली. पण बोटांतल्या मुंग्या काही जाईनात, उलट वाढल्या. एका सकाळी खाली गेले तर हे मशीन पुसत बसलेले.

"अगं, जुन्या मशिनी घेणारा शनिवारी येतोय. देऊन टाकू."

"का म्हणून?"

"हात गेले माझे. वय झालं."

"वय झालं म्हणे! जीभ तर अजून कातरीसारखी चालते."

बोलले खरी, पण लगेच मनात आलं, मशीन गेलं तर हा माणूस दिवसभर करणार काय? भिंतीकडे बघत बसेल आणि त्यातच खचेल. मी तशीच हाताला धरून त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

बाईंनी जीभ बघितली. लालबुंद, गुळगुळीत. मग डोळे मिटायला सांगून बोटांवर कापूस फिरवला. "कुठे लागतोय सांगा."

"आधी लावा तर," हे म्हणाले.

कापूस फिरवून झाला होता. मी तोंड दुसरीकडे फिरवलं.

रक्त तपासलं आणि निघालं काय, तर बी-ट्वेल्व्ह जवळजवळ नाहीच. बाई समजावून सांगायला लागल्या. "मास्तर, कोटाला असतं तसं नसांनाही अस्तर असतं. ते शाबूत ठेवायला बी-ट्वेल्व्ह लागतं, नवं रक्त बनायलाही लागतं. तुमचं अस्तर विरलंय. अंडी, मासे, मटण खाता?"

"छे."

"दूध?"

"बाधतं."

"पित्ताची गोळी?"

"ती रोज! वर्षानुवर्षं," हे अभिमानानं म्हणाले.

बाईंनी कपाळाला हात लावला. "आधीच खाण्यात नाही. जे थोडंफार येतं ते अन्नातून सुटं व्हायला पोटात आम्ल लागतं, ते तुम्ही दाबून टाकलंत. आणि टॉनिकमधल्या फोलिक ॲसिडनं रक्त तेवढं सुधारलं, नसांची झीज आत चालूच."

"मग सगळीच व्हिटॅमिनं द्या ना एकदम."

"प्रत्येकाचं काम वेगळं आहे हो. सी हिरड्या सांभाळतं, डी हाडं, ए अंधारातली नजर. बटण तुटलं म्हणून खिसा शिवता का तुम्ही?"

ह्यांनी हात उलटसुलट करून बघितले. मग हळूच विचारलं, "बोटं परत येतील?"

"इंजेक्शनं आजच सुरू करू. पण उशीर झालाय. किती परत येईल, ते आत्ता नाही सांगता येणार."



शनिवारी मशीनवाला आला. मी त्याला दारातूनच सांगितलं, "मशीन विकायचं नाही. हवे तर मालक घेऊन जा, तसेही रिकामेच आहेत." ह्यांनी वकिलीणबाईंना निरोप धाडला की कोट दुसऱ्याकडून करून घ्या. ती म्हणाली, "थांबते मी. तोवर जुना घालेन."

इंजेक्शनं चालू राहिली, पित्ताची गोळी बाईंनी बंद केली. आधी जीभ परतली. एका सकाळी कप खाली ठेवून हे म्हणाले, "साखर जास्त झालीय." एरवी भांडले असते, त्या दिवशी आनंदानं आणखी एक कप दिला. बोटं मात्र रुसलेलीच. रोज दुपारी हे कापडाचे तुकडे चिमटत बसायचे, रोज चुकायचे.

एका दुपारी मला खाली बोलावलं. वकिलीणबाईंची बाही उसवून टेबलावर ठेवली होती. "मी डोळे मिटतो. तू कापड धर."

मी धरलं. दोन बोटांत घेऊन म्हणाले, "उलट." बरोबर होतं. मी फिरवलं. "सुलट." बरोबर. पुन्हा तसंच धरलं, मुद्दाम फसवायला. "तीच बाजू आहे, चावट कुठली!"

 काय वाटलं कोण जाणे, कापड बाजूला केलं आणि माझाच तळहात पुढे केला. ह्यांचा अंगठा त्यावरून सावकाश फिरला, भांड्यांनी पडलेल्या घट्ट्यांवर थांबला.

"हे धुवून धुवून खरखरीत झालंय," डोळे मिटूनच म्हणाले. "पण फाटायचं नाही कधी."

"जन्मभर भांडी घासतेय, मखमल होणार होती का?" मी हात ओढला, त्यांनी सोडला नाही. दुसऱ्या हातानं टेबलाचा खण चाचपून खडू काढला आणि बाहीच्या सुलट बाजूवर खूण केली. टोमणा अगदी ओठांवर आला होता, पण तो मारायचा राहूनच गेला.