छातीच्या वरची खिडकी

टायरच्या दुकानावर वास्तुरचनेचे एक कार्यालय आहे आणि तेथे जिन्यालगतच्या टेबलाशी रफूकाका बसतात. हे नाव त्यांना कुणी दिले याविषयी दोन मते आहेत. दोन्ही मतांचे पुरस्कर्ते एकमेकांना खोटे पाडतात, तेव्हा तो प्रश्न अनिर्णित ठेवणेच इष्ट. नावाचे कारण मात्र निर्विवाद आहे. संगणकावर उभारलेल्या इमारतीच्या प्लॅनमध्ये एखादी वस्तू दिसली नाही, तर ती का दिसत नाही असल्या क्षुद्र चौकशीत काका पडत नसत. ते त्या जागी चार रेघा ओढत. रेघा इतक्या बेमालूम की खऱ्या भिंतीने लाजावे.

ही विद्या त्यांनी कागदाच्या काळात कमावली. तेव्हा रेघ म्हणजेच भिंत होती. पुढे मॉडेल आले. त्यात भिंत एकदाच उभी करायची. प्लॅन वरून आणि एलिव्हेशन समोरून, अशी दोन्ही चित्रे त्याच भिंतीकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहतात. काकांनी या नव्या पद्धतीचे रीतसर प्रशिक्षण घेतले, प्रमाणपत्राला चौकट करून ते टेबलावर ठेवले, आणि काम पूर्वीप्रमाणेच चालू ठेवले.

शेजारच्या टेबलावरच्या वास्तुविशारद बाईंची रीत नेमकी उलटी. काही दिसेनासे झाले की त्या क्रमाने विचारत जातात: ते कुणी झाकून ठेवले आहे का, दृश्याची चौकट आखूड पडली आहे का, प्लॅन कोणत्या उंचीवर कापला आहे. काका या रीतीला पंचनामा म्हणत.

“झाला का पंचनामा, बाई?”

“चालू आहे. तुम्ही मयताला पावडर लावून खुर्चीत बसवलंत वाटतं?”

“दिसतोय ना पण छान?”

त्या सुमारास काकांच्या थोरल्या बहिणीचे घर बांधायला निघाले. ताईंचे निम्मे आयुष्य अशा स्वयंपाकघरात गेले होते, की ज्याची एकुलती एक खिडकी परक्यांच्या जिन्यात उघडत असे. नव्या जागेतही ओट्यासमोर शेजाऱ्याची पुरुषभर उंच भिंत होती. आभाळ होते ते तिच्या वर. म्हणून ताईंनी भावाला बजावले, “मला बाकी काही नको. ओट्याशी उभी राहिले की आभाळ दिसलं पाहिजे.”

भावाने मनावर घेतले. मॉडेलमध्ये त्याने खिडकी बसवली, तीही बरोबर उंचीवर, शेजारच्या भिंतीच्या वर. प्लॅन कोराच राहिला. पडद्यावर एक सूचना उमटली: बसवलेली वस्तू या दृश्यात दिसत नाही, दृश्याच्या मर्यादा तपासाव्यात. इतके स्पष्ट बोलणारे यंत्र विरळाच. काकांनी माशी हाकलावी तशी ती सूचना बंद केली आणि खिडकी पुन्हा बसवली. सूचना पुन्हा आली. संगणक बंद करून चालू करण्याचा सर्वरोगहारी उपायही झाला. अखेर, खिडकी बसतच नाही असा निष्कर्ष काढून, त्यांनी बसवलेल्या सगळ्या खिडक्या काढून टाकल्या आणि त्या जागी रेघा ओढल्या. प्लॅन देखणा झाला.

काही दिवसांनी ठेकेदाराचा फोन आला. “साहेब, प्लॅनमध्ये ओट्यासमोर खिडकी आहे. एलिव्हेशनमध्ये भिंत सपाट आहे. कुणाचं ऐकू?”

“प्लॅनचं. मी स्वतःच्या हातानं काढलाय तो.”

उंचीचा प्रश्न ठेकेदाराला पडलाच नाही. प्लॅन म्हणजे छातीच्या उंचीवर आडवे कापलेले घर. त्यात खिडकी दिसते त्या अर्थी ती नेहमीच्याच उंचीवर असणार. अनुमान शास्त्रशुद्ध होते. साक्षीदार तेवढा खोटा होता.

ताई बांधकाम पाहायला गेल्या आणि त्यांनी भावाला बोलावून घेतले.

“इथे उभा राहा. काय दिसतं?”

“खिडकी.”

“खिडकीतून काय दिसतं?”

काका थोडे वाकून म्हणाले, “पाइप.”

“कुणाचा?”

“शेजाऱ्यांचा.”

“म्हणजे जिन्यातून निघून मी पाइपापर्यंत आले. प्रगती आहे म्हणायची.”

“ताई, या ठेकेदारानं...”

“तू फोनवर काय म्हणालास ते त्यानं मला शब्दन्‌शब्द ऐकवलंय. त्याला मधे आणू नकोस.”

ठेकेदाराचे म्हणणे थोडक्यात होते: गिलावा व्हायच्या आत सांगा, वर बीम आडवा येत नसेल तर फोडतो, येत असेल तर ताईंनी पाइपाशी जमवून घ्यावे. बीम कुठे आहे हे मॉडेल सांगणार होते. काकांच्या रेघांना त्याविषयी काहीही माहिती नव्हती.

काका खुर्ची ओढत बाईंच्या टेबलाशी गेले. “तो पंचनामा कसा करतात, जरा दाखवा.”

बाईंनी टोमणा आवरला. निदान तसे त्या सांगतात. “तुमची खिडकी छातीच्या वर आहे, काका. प्लॅनसाठी घर छातीपाशी कापून वरचा भाग बाजूला ठेवतात, त्याच्याबरोबर ती गेली. घरातून नाही गेली.”

काकांनी खिडकी पुन्हा बसवली. मग बाईंच्या सांगण्यावरून त्यांनी ओट्यापुरता काप वर सरकवला आणि खिडकी प्लॅनमध्ये उमटली, नेमकी त्यांच्याच रेघांवर. एलिव्हेशन उघडले, तिथेही ती होती.

“इथे तर मी काढलीच नाही.”

“काढायची नसतेच.”

बीम खिडकीच्या बराच वर निघाला. काकांनी आपल्या रेघा एकेक करून पुसल्या, आणि मगच ठेकेदाराला फोन लावला.

भिंत फुटली, खिडकी वर गेली, खालचे भगदाड नव्या विटांनी बुजले. गिलाव्यानंतरही त्याचा चौकोन पुसट दिसत राहिला. काकांनी त्यावर फरशी लावून देण्याची तयारी दाखवली. झाकल्यावर काही कळणार नाही, असे त्यांनी व्यावसायिक खात्रीने सांगितले.

“असू दे तसंच,” ताई वर आभाळाकडे पाहत म्हणाल्या. “तुझं एक तरी रफू दिसू दे की लोकांना.”