काचेमागचं "बसा"

मुलीला थॅलेसेमिया आहे, त्यामुळे दर तीन आठवड्यांनी रक्तपेढीत जावंच लागतं. तिथले तंत्रज्ञ काचेमागून वरही न बघता म्हणतात, "बसा." की गेले दोन तास!

"अहो, बी पॉझिटिव्हच आहे ती. सहा वर्षं तुम्हीच लिहिताय."

"गट जुळला म्हणजे रक्त जुळलं, असं आपल्याला कोणी सांगितलं? लाल पेशी हाडांतल्या मज्जेत तयार होतानाच अंगावर आणखी कितीतरी खुणा घेऊन येते. त्या मी बघतो. आपण पेपर वाचा."

पेपर छोट्या जाहिरातींसकट पाठ होतो, तरी हे आपले नळी उजेडात धरून हलवतायत. एकदा तर गट जुळलेली पिशवीही परत ठेवली. "ही नको," एवढंच.

परवा ते रजेवर होते. बदलीवरच्या बाईंनी दहा मिनिटांत पिशवी पुढे केली. मी ती घेतलीच नाही.

"मॅडम, पुन्हा एकदा बघता का? मी बसतो."