शालीकरामभाऊंनी शिरवलेली गाठ

चोरखमाऱ्याच्या तलावाजवळच्या आमच्या गावात कुणाच्या घरी देवाची तसबीर फुटली, तर ती कचऱ्यात टाकायची कुणाची छाती होत नाही. ती शालीकरामभाऊंच्या ओसरीवर जाते. भंगलेल्या मूर्ती, देवांची जुनी कॅलेंडरं, सगळं त्यांच्याकडे जमा. हे काम त्यांना कुणी दिलेलं नाही आणि सोडा म्हटलं तर ते ऐकणार नाहीत. बाकीचे लोक तलावाच्या पाळीवरून भिरकावून मोकळे होतात. शालीकरामभाऊ मात्र कमरेएवढ्या पाण्यात उतरतात, वस्तू दगडासकट पांढऱ्या फडक्यात बांधतात आणि हातानं तळाशी नेऊन ठेवतात. आमच्याकडे याला शिरवणं म्हणतात. मी टेकचंद, त्यांचा शेजारी, खत-बियाण्याचा दुकानदार. तलाव म्हणजे काय देवांचं गोदाम आहे का, असं मी त्यांना कितीदा तरी ऐकवलंय. ते हसतात आणि सायकल काढतात.

त्यांची नात ओमेश्वरी चौथीत होती. सकाळी उठली की उलट्या, चालताना झोक जायचा. कुणी पित्त म्हटलं, कुणी चष्मा लागला म्हटलं. शेवटी नागपूरला डोक्याचा फोटो काढला, तर आत मागच्या बाजूला गाठ. तिथल्या डॉक्टरांनी ती काढली, पण ती कॅन्सरची निघाली. पुढच्या इलाजासाठी त्यांचा मुलगा योगराज आणि सून दुर्गेश्वरी पोरीला घेऊन मुंबईला गेले. शालीकरामभाऊंची ही एकच नात. त्या दिवसांत ते माझ्या दुकानात येऊन नुसते बसायचे.

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी नागपूरहून रिपोर्ट, काचा आणि ब्लॉक मागवला. काचा म्हणजे गाठीचे पातळ काप लावलेल्या, भिंगाखाली बघायच्या पट्ट्या. ब्लॉक म्हणजे गाठीचा तुकडा मेणात बसवून केलेली छोटीशी वडी. मी दुसऱ्या दिवशी कामासाठी मुंबईला निघणारच होतो, म्हणून शालीकरामभाऊ नागपूरला जाऊन सगळं घेऊन आले. दुपारी मी पिशवी उघडली. कागद होते, काचा होत्या. ब्लॉक नव्हता.

"ब्लॉक कुठाय?"

"शिरवला सकाळी," ते शांतपणे म्हणाले.

मला वाटलं, गंमत करतात. पण हा माणूस पोरीच्या दुखण्यावर गंमत करणारा नव्हे.

"कायले?" मी ओरडलोच.

"गाठ काढाले पोरीचं डोस्कं फोडलं. आता तेच गाठ तिच्या मागं मुंबईले धाडाची? कागद ने, काचा ने. गाठ कायले पाहिजे त्याईले? मी तिले हात जोडले, परत येऊ नको म्हटलं."

राग आला होता, पण ज्या हातांनी त्यांनी ती गाठ पाण्यात ठेवली असेल ते डोळ्यांपुढे आले आणि मी मोबाइल काढला. नागपूरला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, आमच्याकडे उरलेल्या दुसऱ्या ब्लॉकमध्ये नुसतं रक्त आहे, कामाचा तुकडा एवढाच होता. मग योगराजला लावला. त्यानं फोन डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला. शालीकरामभाऊंनाही ऐकू जावं म्हणून मी इकडे फोनचा आवाज वाढवला.

झालेला प्रकार ऐकून बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "या गाठी भिंगाखाली बऱ्याचदा सारख्याच दिसतात. आतली कोणती जनुकं चालू आहेत, कोणती बंद, त्यावर गाठीचा स्वभाव ठरतो. एक प्रकार इलाजाला चांगली दाद देतो. दुसरा फार झुंजवतो."

"म्हंजे धानासारखं," शालीकरामभाऊ हळूच म्हणाले. "परह्यात, रोप असताना, सारे हिरवेच दिसतात. वाण मागून समजते."

"तसंच. पण आपल्याला मागून कळून चालणार नाही. ओमीच्या डोक्याला आणि कण्याला किरणं द्यावी लागतील. पुऱ्या मात्रेनं दिली तर वाचलेल्या मुलांचीही स्मरणशक्ती घटू शकते, अभ्यास मागे पडू शकतो. तिचा प्रकार दाद देणारा निघाला, तर मात्रा कमी ठेवून इलाज करायचा एक अभ्यास चालू आहे, त्यात तिला घेता येईल. पण तुकड्याशिवाय मी ते ठरवू शकत नाही."

चप्पलही न घालता शालीकरामभाऊ उठले आणि तलावाकडे निघाले.

त्यांची जागा ठरलेली होती, हेच नशीब. उन्हाळ्यात पाणी आत सरकलं होतं. ते गाळ पायानं चाचपत पुढे गेले, बुडी मारली आणि वर आले तेव्हा हातातल्या फडक्यात काच फुटलेल्या तसबिरीतला शंकर होता. त्यांनी तो कपाळाला लावला आणि जागेवर ठेवला. मग एक गणपती निघाला. त्यालाही कपाळ, त्यालाही जागा. मी काठावर चरफडत होतो.

"अहो, देव मागून पाहा ना."

"मीच ठेवले, मीच कसा फेकू?"

बऱ्याच वेळानं एक गाठोडं वर आलं, त्यात दगड आणि वडी होती. मेण जसंच्या तसं दिसत होतं, पण मला काय कळतंय त्यातलं. पुन्हा फोन. बाई म्हणाल्या, "काप घेण्याआधी आम्हीही ब्लॉक बर्फाच्या पाण्यात ठेवतो. वरचा थर काढून पाहू. पुसून घ्या, उन्हात मात्र ठेवू नका." विदर्भ एक्सप्रेसमध्ये ती वडी मी रात्रभर खिशात धरून होतो. शालीकरामभाऊ सोबत आले. मी नको म्हटलं होतं.

तपासणी होईपर्यंत ते दवाखान्याच्या आवारातच बसून राहिले. नीट जेवलेही नाहीत. रिपोर्ट आला तेव्हा बाईंनी आम्हाला आत बोलावलं. त्या काही सांगायच्या आधीच शालीकरामभाऊंनी विचारलं, "बाई, हे गाठ आयकते का आयकत नाही?"

"ऐकणारी आहे, बाबा."

ते तिथेच खाली बसले आणि रडले. योगराजही रडला. मीही रडलो, त्यात लपवायचं काय.

किरणं कमी मात्रेनं झाली, औषधं सुरू राहिली. पुढे मी पुन्हा मुंबईला गेलो तेव्हा ही मंडळी धर्मशाळेत होती. ओमीच्या डोक्यावर केस नव्हते, गालांची हाडं वर आली होती. डोक्याचा नवा फोटो स्वच्छ आला होता. बाईंनी बजावलं होतं की डोक्यावर अजून काही वर्षं लक्ष ठेवावं लागेल. आजा-नात खाटेवर पत्त्यांचा बदाम सात खेळत बसले होते, लागणारं पान हाती असलं की त्यात पास म्हणता येत नाही.

"पास," शालीकरामभाऊ म्हणाले.

"आजा, चौकटची आठी तुह्यापाशीच आहे. मघाशी उचलली तवा पायली मी."

"माह्यापाशी नाही."

तिनं त्यांच्या मुठीतून पान ओढलं. चौकटची आठी. ती चिडून पाणी प्यायला उठली. शालीकरामभाऊ माझ्याकडे वळले. डोळे भरले होते आणि तोंडभर हसू होतं.

"रोज मुद्दाम एक पान दाबतो, टेकचंद," ते म्हणाले. "रोज पकडते मले."