रूपलीबाईची झोप, गुलाबबाईचे पाय

गुलाबबाईला कधी कोणाच्या दागिन्यांचा हेवा वाटला नाही, साडीचा नाही, नवऱ्याचा तर मुळीच नाही. पण रूपलीबाईच्या झोपेवर ती जळायची, आणि अशी जळायची की काय सांगू! रूपलीबाई तिची धाकटी जाऊ. उशीला डोकं टेकलं की बया गेलीच. तोंड उघडं, हात पसरलेले, शेजारी ढोल वाजले तरी कूस बदलायची नाही.

आणि इकडे गुलाबबाई आडवी झाली की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायला लागायचं. धड दुखणं नव्हे, खाज नव्हे. पाय हलवला की थांबायचं, ठेवला की पुन्हा सुरू. मग उठायचं आणि घरातल्या घरात चालत राहायचं. अशी किती वर्षं गेली, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर ती कामाला होती. मैदानभर लाल मिरची वाळत घातलेली. बाकीच्या बाया बसून देठ खुडायच्या, ही उभ्याने मिरची उलथत फिरायची. मुकादम म्हणायचा, शिका हिच्याकडून! अरे बाबा, कष्टाळू कसली, तिला बसवतच नव्हतं. सासू कालीबाईने तर केव्हाच निकाल लावून टाकला होता, "मिरचीनी आग शे ती. पायमा भरनी." गुलाबबाईने तळव्यांना ताक चोळलं, पोटऱ्या फडक्याने आवळल्या. काही फरक पडेना, तेव्हा तिने पायांबद्दल बोलणंच सोडलं.

पुढे रूपलीबाईला दिवस गेले. पोट चांगलं दिसायला लागलं तशी एका सकाळी ती रडवेली होऊन बसली. "माले झोप येत नही. पायमा कायतरी वळवळस." आता ही बाई जन्मात पथारीकडे फिरकली नव्हती! मिरचीची आग हिच्या पायात कुठून शिरली? पण विचारतो कोण. सासूने तिचे पाय मांडीवर घेतले, तेल चोळलं, दीर रिक्षा आणायला धावला.

गुलाबबाईला आधी बरंच वाटलं, खोटं कशाला बोला. कळू दे एकदा! पण सासूचे हात त्या पायांवरून फिरताना पाहिले आणि तिचा जीव नुसता जळून गेला. मन्हा पाय काय लाकडाना शेतस का?

दवाखान्यात पिशवी धरायला म्हणून तिलाही नेलं. डॉक्टरीणबाईंनी रूपलीबाईचं रक्त तपासलं. "हा खराच आजार आहे. बायकांना जास्त होतो. अंगात लोह कमी असलं, पोटात बाळ असलं की बळावतो. बाळंतपणानंतर बहुतेक जातो. घरात आणखी कोणाला होतं का असं?"

"नही," सासू म्हणाली.

गुलाबबाईने पिशवी खाली आपटली. "नही कशी? माले शे! हिनं तर जाई, मन्हं कधी जाई?"

बाकड्यावरची सगळी माणसं वळून बघायला लागली. "तुन्ही तर मिरचीनी..." असं म्हणता म्हणता सासूची नजर रूपलीबाईच्या पायांकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी गुलाबबाईचंही रक्त तपासलं. लोह पार तळाला गेलेलं. गोळ्या दिल्या, त्यांच्यावर चहा पिऊ नको म्हणाल्या, धीर धर म्हणाल्या. चहा सोडणं गोळ्यांपेक्षा कडू गेलं, पण तिने सोडला.

रूपलीबाईला मुलगी झाली. तिचे पाय निवले, पण पोरगी अशी रडकी की आईला डोळा लागू देईना. आणि एका सुट्टीच्या दुपारी गुलाबबाई चटईवर टेकली, तर पाय गप्प. ती वाट बघत राहिली, आणि वाट बघता बघताच तिला झोप लागली.

जाग आली ती पोरीच्या रडण्याने. दारात रूपलीबाई उभी होती. "दखा माय, कशी घोरी ऱ्हायनी! आनि आमनं नशीब दखा!"

आवाजातला तो जळफळाट गुलाबबाईने बरोबर ओळखला. ओळखणार नाही तर काय, वर्षानुवर्षं तो तिचाच होता. तिच्यावर मात्र आजवर कोणी जळलं नव्हतं. तिने डोळे उघडले नाहीत. मुद्दाम आणखी मोठ्याने घोरली.