भवानीबाईंची सुस्ती

म्हैसूरच्या नजरबाद भागातल्या त्या बोळात भवानीबाईंच्या शिलाई मशीनचा आवाज आला नाही असा दिवस पूर्वी जात नसे. दसऱ्याच्या आधी तर पहाटेपासून सुरू. अर्ध्या मोहल्ल्याचे ब्लाउज त्यांच्या हातून गेलेले. कुणाचा खांदा उतरता, कुणाची पाठ रुंद, हे त्यांना टेप न लावता कळायचं.

माहेर मंडी मोहल्ल्यातलं. वडील घोडदळ पोलिसांच्या पागेत नालबंद होते. पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या फौजेत आले नि इथलेच झाले, एवढंच घरात सांगितलं जायचं. देवघरात भवानीचा टाक आणि एक बोथट तलवार, वर्षातून एकदा पुजायची. घरात मराठीच, पण त्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं की कुठला शब्द कुठून आला हे घरातल्यांनाही सांगता आलं नसतं. चहात साखर 'स्वल्प' म्हणजे थोडी घालायची, पुरे झालं की 'साकु' म्हणायचं. आणि जीव थकून गळून गेला की म्हणायचं, सुस्त झालं. कन्नडमध्ये सुस्तु म्हणजे थकवा. घोडा लांबून दौडत आला की भवानीबाईंचे वडील ओरडायचे, "सुस्त झालाय तो, लगेच पाणी दाखवू नका!"

तिकडे महाराष्ट्रात मात्र सुस्ती म्हणजे आळस. पोटभर जेवल्यावर अंगावर चढते ती. एवढाच काय तो फरक. एवढ्याशा फरकाने कुणाचं काय बिघडणार, असं कुणालाही वाटेल.

त्यांचा एकुलता एक मुलगा रक्षित पुण्यात नोकरीला होता. तिथेच त्याने नाशिकच्या वल्लरीशी लग्न केलं आणि पुढे बदली घेऊन दोघं म्हैसूरला आली. वल्लरी घरूनच कंपनीचं काम करायची. भवानीबाईंना मुलगी नव्हती. ही पोर पहिल्या दिवशी "आई, तुम्ही बसा, मी करते" म्हणाली, आणि त्या तिच्यावर विरघळल्या त्या विरघळल्याच. रक्षितच्या तोंडी अधूनमधून बंगळूरच्या नोकरीचा विषय यायचा. तो निघाला की भवानीबाईंचं लक्ष वल्लरीकडे जायचं. पोर गेली तर? म्हणून वल्लरीचा शब्द त्या कधी खाली पडू देत नसत.

मग एका पावसाळ्याच्या तोंडाशी मशीन थांबायला लागलं. आधी दुपारी, मग सकाळीसुद्धा. पायडल दाबायला पाय उचलेना. जेवून चटईवर टेकल्या की उठवेना. एकदा वल्लरी शेजारी येऊन बसली.

"आई, काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही ग. सुम्ने सुस्त होतंय."

सुम्ने म्हणजे उगीच, तसंच. वल्लरीला तेवढं कन्नड येत होतं. उगीच सुस्ती येते, असं तिने ऐकलं आणि ती घाबरली.

घाबरायला कारण होतं. तिचे वडील वारले तेव्हा तिची आई अशीच अंथरुणाला चिकटली होती. नातेवाईक म्हणाले, पडू दे बिचारीला, दुःख आहे, उतरेल. ती पडून राहिली आणि दोन वर्षांत गेली. वल्लरी तेव्हा कॉलेजात होती. एका आईला लोळू दिलं, दुसरीला लोळू द्यायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नाही, तेवढं चुकलं.

दुसऱ्या दिवसापासून घराची घडी बदलली. उठल्याबरोबर तांब्याभर कोमट पाणी, त्यात लिंबू आणि चिमूटभर सैंधव. मग कोवळ्या उन्हात फिरायला, चामुंडीच्या डोंगराकडे तोंड करून. दुपारची चटई गुंडाळून माळ्यावर. दिवसभर बाटलीतून पाणी पीत राहायचं. बाटली रिकामी दिसली की वल्लरी भरून ठेवायची. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की आज चांगलं काय झालं ते बोलायचं.

हे शेवटचं भवानीबाईंना मनापासून आवडलं.

"आज चांगलं काय आई?"

"तू चहा दिलास."

"तो तर रोजच देते!"

"मग रोजच चांगलं, अल्वा? नाही का?" भवानीबाई हसायच्या.

वल्लरी सांगत होती त्यात खोटं काही नव्हतं. त्या बोळातल्या कितीतरी बायकांना त्याने गुणच आला असता. वासुदेवरावांना तर आलाच. भवानीबाईंचे यजमान सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, पेपर वाचता वाचता खुर्चीतच डुलक्या काढायचे. सुनेच्या मागोमाग तेही फिरायला लागले. त्यांचे गुडघे मोकळे झाले, रात्री गाढ झोप लागू लागली, स्वभावातली किरकिर कमी झाली. "अग, त्या पोरीने मला दहा वर्षांनी लहान केलं," ते म्हणायचे, आणि पुढे चालायला लागायचे. भवानीबाई मागे राहायच्या.

"दम लागतो ग," त्या म्हणायच्या.

"सुरुवातीला लागतोच, आई. सवय नाही ना. त्या खांबापर्यंत चला फक्त."

त्या खांबापर्यंत जायच्या. खांब आला की पुढचा खांब असायचा.

पाय संध्याकाळी सुजायला लागले. भवानीबाईंना वाटलं, चालण्याने. उताणं निजलं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं, म्हणून त्यांनी आणखी एक उशी घेतली, मग तिसरी. कुणाला सांगितलं नाही. एकदा वल्लरी नाशिकच्या मावशीशी फोनवर बोलत होती. "सासूबाई इतकं ऐकतात माझं, मावशी! माझ्या आईने असं ऐकलं असतं तर..." दाराआड उभ्या भवानीबाईंनी ते ऐकलं. आता हिला नाही कसं म्हणायचं? त्यांनी बाटली उचलली आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

समोरच्या घरातली चैत्रा एकदा ब्लाउज मागायला आली. तो अजून कापलेलासुद्धा नव्हता. चैत्रा शाळेत शिकवायची, कन्नड बोलणारी, भवानीबाईंच्या हातचे ब्लाउज घालूनच लग्न झालेली. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"आंटी, हे काय? ओठ काळे पडलेत तुमचे."

"तुंबा सुस्तु, चैत्रा," भवानीबाई म्हणाल्या. "फारच. हातात कात्री धरवत नाही."

"डॉक्टरकडे गेलात?"

"सून करतेय ना सगळं. रोज फिरवते, पाणी देते."

चैत्रा तशीच उठून आतल्या खोलीत वल्लरीकडे गेली. आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, "आंटी को बहुत सुस्त है. डॉक्टर को दिखाओ."

वल्लरीने कानातला इअरफोन काढला आणि हसून म्हणाली, "मालूम है! वही तो निकाल रही हूँ मैं."

चैत्राला वाटलं, इलाज सुरू आहे. ती घरी गेली.

रक्षितलाही वल्लरीने सांगितलं होतं, आईंची सुस्ती घालवतेय. त्याचं मराठी घरापुरतं, पुण्यातही ऑफिसात इंग्रजीच. सुस्तीचा दुसरा काही अर्थ असतो हे त्याच्या गावीही नव्हतं. बायको आईचा थकवा घालवतेय, याहून चांगलं काय? तो म्हणाला, "ग्रेट," आणि कंपनीच्या बसला धावला.

कार्तिक सुरू झाला तसा सकाळी गारवा वाढला. एका सकाळी भवानीबाई पलंगावर बसून होत्या, पाय खाली सोडून. पायांत चपला जाईनात.

"आज नको ग, वल्लरी."

"आई, एक दिवस सुटला की सुटतंच सगळं. मला माहीत आहे. माझ्यासाठी चला."

माझ्यासाठी म्हटल्यावर त्या उठल्या. वासुदेवरावांच्या जुन्या चपला घातल्या, त्या मोठ्या होत्या. बोळाच्या तोंडाशी फुलं विकणारी बसते, तिथवर गेल्या आणि तिच्या टोपलीशेजारी खाली बसल्या. वल्लरीला वाटलं, फुलं घेताहेत. मग त्या कलंडल्या. तोंडातून फेस आला, गुलाबी. श्वासाचा आवाज असा, जसं भांड्यात पाणी उकळतंय. टोपली उलटली, रस्ताभर शेवंती झाली. फुलवाली ओरडायला लागली. चैत्रा पदर खोचून धावत आली, आणि तिने नि वल्लरीने मिळून त्यांना रिक्षात घातलं.

दवाखान्यात डॉक्टर नरसिंहमूर्ती होते. वयस्कर, कमी बोलणारे. भवानीबाईंना आत नेलं, नाकाला प्राणवायू लावला. ते बाहेर आले आणि कन्नडमध्ये विचारलं, सुस्तु किती दिवसांपासून होतं?

वल्लरी गोंधळली. "सुस्ती? होती... पण मी त्यांना झोपू देत नव्हते. रोज चालवत होते. पाणीसुद्धा भरपूर देत होते."

"पाणी?" डॉक्टर थांबले. "मीठ?"

"लिंबात. थोडंसं."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला. रागावले नाहीत, ते बरं झालं नाही. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते इंग्रजीत सावकाश म्हणाले की हृदय कमजोर झालंय, बरेच महिने होत असावं, ते पाणी पुढे ढकलू शकत नव्हतं, पाणी फुप्फुसांत भरलं.

"पण त्या तर नुसतं सुस्ती म्हणत होत्या," वल्लरी चैत्राकडे वळली. "सुस्ती म्हणजे आळसच ना?"

चैत्राला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. "अय्यो, आळस अल्ल, आळस नव्हे," ती म्हणाली. "सुस्तु म्हणजे शक्ती नाही. अंगात काहीच शक्ती नाही."

वल्लरी भिंतीला टेकून खाली बसली. रक्षित आणि वासुदेवराव येईपर्यंत ती तिथेच होती.

भवानीबाई वाचल्या. देवीने राखलं, असं वासुदेवराव म्हणाले, आणि ते खरंच असेल. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, लवकर आणलं असतं तर बरंच सावरता आलं असतं. जे गेलं ते गेलं. राहिलेल्यावर भागवायचं.

भवानीबाईंना बोलता यायला लागल्यावर वल्लरीने सगळं सांगितलं. नसतं सांगितलं तरी चाललं असतं, पण तिला पोटात ठेववेना. "आई, मला वाटलं तुम्हाला आळस आलाय. म्हणून मी..."

भवानीबाईंना आधी हसू आलं. मग ते विरलं.

"आळस? मला?"

"आई..."

"पहाटे उठून मशीनवर बसायची मी. रक्षितच्या शाळेच्या फीपासून आपल्या घराच्या पत्र्यांपर्यंत माझे टाके आहेत त्यात. आणि तू रोज सकाळी माझ्याकडे बघायचीस ते, ही आळशी म्हणून?"

"माझी आई अशीच पडून..."

"मला वाटायचं तुला माझा लळा आहे."

भवानीबाईंनी तोंड भिंतीकडे केलं. मरणाच्या दारातून त्या परत आल्या होत्या, पण त्यांना त्या घटकेला ते काही मोठं वाटलं नाही.

घरी आल्यावर सगळं उलटं झालं. वल्लरी त्यांना पाय खाली टेकू देईना. पाणी मापून, जेवण बिनमिठाचं, देवापुढचा दिवासुद्धा तीच लावी. संध्याकाळी 'आज चांगलं काय' विचारायचं बंद झालं. भवानीबाई सगळं मुकाट्याने घेत, आणि लागेल तेवढंच बोलत. वासुदेवराव एकटेच फिरायला जात आणि चोरासारखे परत येत.

डॉक्टरांनी तपासणीला गेल्यावर विचारलं, "थोडं चालता का?" वल्लरी म्हणाली, "नाही, मी नाही चालू देत." डॉक्टर म्हणाले की पडून राहिल्या तर उरलेलंही जाईल. थोडं चालायचं. दम लागायच्या आधी थांबायचं. कधी थांबायचं ते त्याच सांगतील.

तरी वल्लरीचं धाडस होईना. शेवटी एका सकाळी भवानीबाईच पलंगावरून उतरल्या.

"चप्पल दे."

"नको आई. उद्या."

"का? पुन्हा आळशी म्हणायचंय का मला?"

वल्लरीचं तोंड पडलं. भवानीबाईंना ते पाहून बरं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं. त्यांनी तिचा दंड धरला.

चैत्राच्या पायरीपर्यंत गेल्या. समोरचंच घर, पण वाटेत एकदा उभं राहावं लागलं. पायरीवर बसल्या तेव्हा छाती वरखाली होत होती. ऊन अजून कोवळं होतं. शाळेला निघालेली पोरं सायकली मारत गेली. कुणीतरी "अज्जी, नमस्कारा" म्हटलं.

"तुझ्या आईला काय झालं होतं ग?" भवानीबाईंनी विचारलं. घरी आल्यापासून हा त्यांचा पहिलाच सरळ प्रश्न होता.

"दुःख. बाबा गेल्याचं."

"डॉक्टर काय म्हणाला?"

वल्लरीने त्यांच्या पायांकडे पाहिलं. "डॉक्टरला दाखवलंच नाही कधी. तिचे पायही असेच सुजायचे." ती म्हणाली. "बसून बसून सुजले, म्हणायचे सगळे. मीसुद्धा."

भवानीबाईंनी वल्लरीचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि तसाच ठेवला. तो गार होता.

ऊन पायांवर आलं. वल्लरीने डोळे पुसले, उठून हात पुढे केला. "चला आई, आत जाऊ या."

"थांब," भवानीबाई म्हणाल्या. "अजून नाही जमत."

वल्लरी परत त्यांच्या शेजारी बसली.