काही चुकलं असेल तर

एकतीस डिसेंबरला मेट्रनबाई फोन हातात घेऊन बसल्या की आमच्या अख्ख्या बिल्डिंगला धास्ती असायची. ‘कळत-नकळत काही चुकलं असेल तर मोठ्या मनाने माफ करा’, खाली जोडलेले हात आणि गुलाबाचं फूल, असा मेसेज कुणी पाठवला रे पाठवला की त्या उलट फोन लावायच्या आणि विचारायच्या, “काय चुकलं?” समोरचा हसायचा, मग म्हणायचा की अहो, सगळ्यांनाच पाठवलाय. “सगळ्यांचं नंतर बघू. माझ्याशी काय चुकलास ते सांग.” तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांनी एकदा शेवटी कबूल केलं, की बाईंच्या दारातली कुंडी त्यांच्याच स्कूटरने फुटली होती. बाईंनी तिथल्या तिथे माफ केलं आणि संध्याकाळी त्यांच्याकडे केक पाठवला.

बाई नगरकडच्या मराठी ख्रिस्ती. नौपाड्यातल्या एका नर्सिंग होममध्ये मेट्रन होत्या आणि ठाकुर्लीत आमच्या समोरच्या दारात राहायच्या. त्यांना ‘जाऊ दे’ हा शब्द खपायचा नाही. “जाऊ दे म्हणजे क्षमा नव्हे, जाऊ दे म्हणजे कंटाळा,” म्हणायच्या. “जखम न धुता वर पट्टी बांधली तर आत पू होणार. पाप नाव घेऊन सांगायचं. देव क्षमा फुकट देतो म्हणून ती स्वस्त समजू नका, तिच्यासाठी कुणीतरी खिळे सोसलेत.” आमच्या घरात अशा गोष्टी देवाशी परस्पर मिटायच्या. उपास धरला, अभिषेक घातला, संपलं. ज्याला मारलं त्याला कुणी विचारायचं नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असे. बाईंचे गुडघे दुखायला लागल्यापासून त्यांना रिक्षाने मीच न्यायचे. पाळकसाहेब भाकर आणि प्याला देतात, मंडळी एकेक करून पुढे जाते. आपण कुणाला दुखावलं असेल तर आधी त्या माणसाकडे जायचं, मग देवाकडे, हा त्यांच्यातला नियम. बाकीचे तो सोयीने पाळायचे, बाई अक्षरशः. एकदा गाण्याच्या पथकातल्या एका बाईला त्या तोंडावर बेसूर म्हणाल्या आणि तिने माफ करेपर्यंत बाकावरून उठल्या नाहीत. बेसूर ती होतीच, हेही त्यांनी माफी मागताना सांगितलं.

माझा बाप आईला मारायचा. हे मी आता सरळ लिहिते. घरात कुणी कधी असं म्हटलं नाही. ‘त्यांचा स्वभाव तापट आहे’ असं म्हणायचे. मी शाळेत असताना त्याने आईचा उजवा हात पिरगाळून मोडला आणि जगाला सांगण्यात आलं की ती मोरीत घसरली. तो हात पुढे कधी खांद्याच्या वर गेला नाही. तिची वेणी मी घालायचे, ती जाईपर्यंत.

बापाला एक्याऐंशीवं लागलं तसं माझ्या भावाने शीळफाट्याजवळच्या आपल्या नव्या टॉवरमध्ये, जिथे बाप आता राहायचा, सहस्रचंद्रदर्शनाचा घाट घातला. मुलीने ओवाळायला पाहिजे म्हणून मला फोनांवर फोन. शेवटी बाप स्वतः बोलला, “काही चुकलं असेल तर माफ कर बाळा. किती वर्षं धरून बसणार?” म्हणजे गुन्हेगार मीच, कारण धरून बसले होते मी! काकू, आत्या, वहिनी, सगळ्यांचं एकच पालुपद: म्हातारा माणूस आहे, झालं गेलं गंगेला मिळालं.

मी तणतणत बाईंकडे गेले. म्हटलं, तुमच्यात तर शत्रूलाही क्षमा करायची असते ना, आता तुम्हीही सांगून टाका.

“कशाची क्षमा मागितली त्यांनी?” बाईंनी विचारलं.

“चुकलं असेल तर, म्हणाले.”

“मग मागितली नाही अजून.” मग म्हणाल्या, “पण मला मागायची आहे. नंदा, तुझ्या आईला आमच्या नर्सिंग होममध्ये मी नेलं होतं. इथे बोभाटा नको म्हणून. मारहाण म्हटलं असतं तर डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागलं असतं. तुझ्या आईने, सांगू नका म्हणून, विनवलं. मोरीत घसरली, हे डॉक्टरांना मी सांगितलं. तुझ्या बाबांनी नाही, मी. मला खरं माहीत होतं.”

मला वाटत आलं होतं की ते खोटं बापाचं. पोलीस एकदा दारात आले असते तर त्याचा हात पुन्हा उठला नसता. तो उठत राहिला, आणि समोरच्या दारात या बाई लोकांना पाप नाव घेऊन सांगायला शिकवत होत्या. मी तसं तोंडावर म्हटलं. माफ करणार नाही, हेही म्हटलं. त्यांनी मान डोलावली, एवढंच. एक शब्द स्वतःच्या बाजूने बोलल्या नाहीत. मला तर भांडण हवं होतं.

तरी पहिल्या रविवारी मी रिक्षा घेऊन आले. त्यांचे गुडघे आणि माझा राग हे दोन वेगळे विषय होते. चर्चमध्ये मी नेहमीसारखी मागच्या बाकावर त्यांच्याशेजारी बसले. मंडळी पुढे जाऊ लागली आणि बाई बसून राहिल्या. पुढच्या महिन्यात बसून राहिल्या. त्याच्या पुढच्याही. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, घरी विषय काढला नाही. तोवर धाप लागायला लागली होती त्यांना. मला त्यांचा संताप येत होता, माझा येत होता, आणि सगळ्यात जास्त त्या माणसाचा, जो तिकडे टॉवरमध्ये रोज दोन्ही वेळा पोटभर जेवत होता. भाकरीचा तुकडा सोडून उपाशी कोण, तर ही बाई.

मग एका रविवारी मी त्यांचा दंड धरला आणि म्हटलं, “उठा. केलं माफ.”

“काय माफ केलंस? नाव घेऊन सांग.”

चर्चमध्ये, गाणं चालू असताना, मी सांगितलं. “आईचा हात बाबांनी मोडला, हे माहीत असून तुम्ही डॉक्टरांशी खोटं बोललात. ते मी माफ केलं.” पुढच्या बाकावरच्यांनी वळून पाहिलं. बाई उठल्या, माझ्या हाताला धरून पुढे गेल्या. परत येताना हळूच म्हणाल्या की राग लगेच जाणार नाही, उद्या पुन्हा माफ करावं लागेल, परवा पुन्हा. ते खरं निघालं.

त्याच पावसाळ्यात बाई गेल्या. शीळफाट्याच्या समारंभाला मी गेले नाही.

मागच्या एकतीस डिसेंबरला बापाच्या फोनवरून मेसेज आला. जोडलेले हात, गुलाबाचं फूल. मी फोन लावला.

“बाबा, काय चुकलं?”

पलीकडे टीव्ही चालू होता. त्याने फोन कट केला. यंदा पुन्हा विचारणार आहे.